मी उंच झालो नाही

माझ्या अंगावर एक रेघ आहे. ती कोणी ओढलेली नाही. तिच्या वरचा भाग काळपट राखाडी आहे आणि त्यावर दगडफुलाचे खरखरीत, पिवळसर ठिपके आहेत. एखादा रुपयाएवढा, बाकीचे मोहरीच्या दाण्याएवढे. रेघेच्या खाली एकही ठिपका नाही. तिथला दगड कोरा आहे आणि त्याच्या बारीक छिद्रांत काळी माती अजून अडकलेली आहे. दगडफूल फार हळू वाढते, आणि जिथे ऊन-वारा लागतो तिथेच ते बसते. म्हणजे रेघेच्या वरचा मी पिढ्यान्‌पिढ्या उजेडात उभा होतो आणि रेघेच्या खालचा मी अगदी अलीकडेपर्यंत जमिनीच्या पोटात होतो.

आज जमीन त्या रेघेपासून दीड हात खाली आहे.

मित्रांनो, मी शेताच्या हद्दीवरचा एक जुना दगड आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पत्र्याच्या लांबलचक शेड जिथून दिसतात, अशा एका उतारावर मी उभा आहे. माझ्या वरच्या अंगाला एक रान, खालच्या अंगाला दुसरे. वरून आलेले पाणी माझ्या पायाजवळून खालच्या रानात जाते. दगडाला चालता येत नाही; जिथे पुरला तिथे राहायचे, हेच त्याचे काम. ते काम मी इमानाने केले. म्हणूनच जे झाले त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

माझा जन्म डोंगराच्या काळ्या खडकात झाला. एका पाथरवटाने मला सुटे केले, चारही बाजूंनी ठोकून नीट केले आणि डोक्यावर छिन्नीने एक फुली कोरली. तेव्हा इथे निजामाचे राज्य होते. मोजणीची माणसे लोखंडी साखळी ओढत उतारभर फिरली, आणि जिथे साखळी थांबली तिथे मला पुरण्यासाठी खड्डा खणला गेला. तो खड्डा मला चांगला आठवतो. दोन हात काळी माती लागली. मऊ, ओलसर, मुठीत धरली तर लाडवासारखी वळणारी. तिच्याखाली पिवळा मुरूम होता. त्या मुरमात माझा पाय रोवण्यासाठी आणखी खोल खणले. ज्याचे रान होते त्या म्हाताऱ्याने खड्ड्याच्या तळाशी स्वतःच्या हाताने लाकडी कोळशाचे तुकडे टाकले. तशी रीतच होती. कोळसा कुजत नाही. पुढे कोणी दगड उपटून दुसरीकडे नेला, तरी खरी जागा कुठली हे कोळसा सांगतो. मग मला उभे केले, माती लोटली, पायांनी दाबली. जमिनीवर माझे फक्त चार बोटे डोके उरले.

माझ्या शेजारून बांध जात होता. काय बांध होता तो! त्यावरून बैलगाडी जायची. दोन्ही कडांना तरवडाची पिवळी फुले, मधे बोरी, आणि सगळीकडे दाट गवत. वळवाचे पाणी वरून धावत यायचे, त्या गवतापाशी थबकायचे, दमलेल्या माणसासारखे बसायचे आणि आपल्याजवळची माती तिथेच टाकून निवांत पुढे जायचे. गवताची मुळे माती धरून ठेवतात, हे मी कोणाकडून शिकलो नाही. माझ्या अंगाला लागूनच ती मुळे होती.

त्या काळी माझे कौतुक होते. पेरणीच्या आधी बायका माझ्या डोक्यावर हळदीकुंकू वाहत. गडी माझ्यावर विळ्याला धार लावत. दुपारी भाकरी सोडून बसलेले कोणी म्हणे, "ह्यो हाय म्हणून भांडण नाय." मला ते ऐकून बरे वाटायचे.

म्हाताऱ्याच्या दोन नातवांत रानाची वाटणी झाली. वरचे रान थोरल्या कडूबाकडे गेले, खालचे धाकट्या कारभारींकडे. वाटणीच्या दिवशी दोघांनी माझ्यावर नारळ फोडला आणि एकमेकांना खोबरे भरवले. पुढच्याच मोसमात कडूबांनी नांगर फिरवताना बांधाच्या अंगाला एक तास जास्त घेतले. तास म्हणजे नांगराची एक ओळ, वीतभर रुंद. कारभारींनी ते पाहिले. त्यांनी आपल्या बाजूने एक तास घेतले.

याला आमच्याकडे बांध कोरणे म्हणतात. चोरी म्हणावी तर चोर दोन्ही अंगांना, आणि चोरीला जाणारी वस्तू दोघांची. बैल होते तोवर बांध हळूहळू बारीक होत गेला. ट्रॅक्टर आला आणि काम भराभर होऊ लागले. आधी गाडी जाणे बंद झाले. मग डोक्यावर भारा घेतलेली बाई जेमतेम जाऊ लागली. मग ती एका पायापुढे दुसरा पाय ठेवत, तोल सांभाळत जाऊ लागली. शेवटी बांधावर उरली एक मातीची धार, आणि तिच्यावर सुकलेले एक तरवड. माझ्याभोवतीची माती आता तेवढीच धार धरून होती. दोघांनाही वाटत होते की आपले रान वाढले.

मित्रांनो, मग पाऊस रुसला. एक साल गेले, दुसरे गेले, त्यानंतरचेही तसेच. वरच्या रानात कडूबा आणि त्यांची बायको साळूबाई यांनी मोसंबीची बाग लावली होती. आधी विहीर आटली, मग बोअर आटले. साळूबाई टँकरच्या पाण्यातून उरलेली बादली नेऊन एकेका झाडाच्या बुंध्याशी ओतायच्या. झाडांना त्या पाण्याने काय होणार? पाने मिटली, साल तडकली. ज्या दिवशी करवत आली त्या दिवशी साळूबाई माझ्याजवळ बागेकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. मोसंबीचे लाकूड कापताना गोडसर वास येतो. तो वास उतरेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

बाग गेली तशी सावली गेली. वैशाखात वावटळ उठली की काळी माती धुरासारखी वर जायची आणि कारखान्यांच्या पत्र्यांवर जाऊन बसायची. साळूबाईंचा मुलगा सार्थक त्याच कारखान्यांपैकी एकात कामाला लागला. कारभारींनी बैल विकले, मग म्हैस विकली. त्यांची मुलगी अपेक्षा शहरात कॉलेजात शिकायला गेली, आणि सुट्टीला आली की आईच्या बरोबरीने दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागली. घरे तीच होती, माणसे तीच होती, पण चुलीवरची भांडी लहान झाली.

कडूबा खोकल्याने गेले. जाण्याआधी ते रानात आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून साळूबाईंना म्हणाले, "बांधाची बोटभर जागा बी सोडू नको." साळूबाईंनी मान हलवली. त्या होकारानंतर काय काय अडणार आहे, हे तेव्हा कोणाला दिसत होते?

गावात उतारावर नवे बांध घालण्याचे काम निघाले. माती उकरणारे मशीन आले, शेजारच्या सगळ्या रानांना जाड, रुंद बांध पडले. आमच्यापाशी काम थांबले. कारभारींचे म्हणणे, "पाणी वैनीच्या रानातून येतं, बांध त्यान्नी घालावा." साळूबाईंचे म्हणणे, "वाचणार भावजींचं रान, जागा त्यान्नी द्यावी." दोघांचेही बरोबर होते. म्हणूनच कोणी मागे हटेना. मशीन पुढे गेले. दर उन्हाळ्यात विचारणा व्हायची, आणि दर उन्हाळ्यात साळूबाई म्हणायच्या, "बघू." सगळ्या उतारावर बांध आणि मधे आमचेच दार उघडे, असे होऊन बसले.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती दुपार आली. आधी कोरडे, आणि मग एकदम आभाळ फाटले. तसला पाऊस मी माझ्या सगळ्या आयुष्यात पाहिला नव्हता. वरून पाणी आले ते चहाच्या रंगाचे, आणि क्षणात ते चिखलासारखे दाट झाले. बांधाची धार त्याने ओलांडली नाही. नुसती पुसून टाकली. बोंडांनी भरलेल्या कपाशीच्या ओळी उभ्याच्या उभ्या निघून गेल्या. माझ्या पायाशी मातीचे लपके सुटू लागले. ज्या मातीने मला इतकी वर्षे धरले होते, ती माझ्या अंगावरून निसटत होती आणि मला तिला धरता येत नव्हते. मला हात नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचे वाईट वाटले.

पाणी ओसरले तेव्हा माझ्या बाजूला बांध नव्हता. तिथे एक खोल ओघळ पडली होती. आणि मी, जो चार बोटे दिसायचो, तो माणसाच्या मांडीपर्यंत उघडा उभा होतो.

आता जे घडले ते ऐका. साळूबाई सकाळी रान पाहायला आल्या. जमीन खरडून गेलेली त्यांनी पाहिली, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या जागच्या जागी थांबल्या. थोड्या वेळाने खालून कारभारी आले. तेही माझ्याकडे पाहून थांबले. दोघांच्या मनात एकच विचार आला, आणि तो दोघांनी एकमेकांना सांगितला नाही. साळूबाईंना वाटले, भावजींनी दगड उपटून सरकवायला काढला. कारभारींना वाटले, वैनींनी काढला. हद्दीचा दगड हलवणे म्हणजे आमच्याकडे फार मोठे पाप. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे तुटले. संक्रांतीला तिळगूळसुद्धा गेला नाही.

आणि मी तर हललोच नव्हतो!

या उन्हाळ्यात मशीन पुन्हा आले. ते चालवणारा राजकुमार हा शेजारच्या गावातला तरुण. त्याने निरोप धाडला, "इथलं काम आज संपतंय. उद्या मशीन दुसऱ्या गावाला जाईल. तुमचं काय ते बोला." त्या सकाळी कारभारी पहार घेऊन आले, सोबत सुट्टीला आलेली अपेक्षा. वरून साळूबाई आल्या, सोबत रात्रपाळी करून आलेला सार्थक. मशीन ओघळीच्या पलीकडे उभे होते.

कारभारी आभाळाकडे बघत म्हणाले, "आधी दगड व्हता तसा परत पुरायचा. मंग बांधाचं बोलू."

"पुरा की," साळूबाई म्हणाल्या. "उपटला कुणी तेबी सांगा सोबत."

"म्हंजे म्या उपटला व्हय?"

"नाय. उंदरानं उपटला."

सार्थक हसला. आईने पाहिले तसा तो खोकल्याचे निमित्त करून वळला.

"वैनी, माझी कंबर गेलीया. माझ्यानं घागर उचलंना, अन् ह्यो धोंडा उपटतो?"

"बांध खाताना कंबर आडवी येत नव्हती ती!"

"अन् वरून कोण खात व्हतं? दादा काय उपास धरून बसला व्हता का?"

"मेलेल्या माणसाचं नाव काढू नका, भावजी."

राजकुमार मशीनवरून ओरडला, "मामा, काकू, भांडण जरा लवकर आटपा. डिझेल जळतंय."

कारभारींनी पहार उचलली. माझ्या पायाशी खड्डा खोल करायचा आणि मला पुन्हा डोक्यापर्यंत आत बसवायचे, असा त्यांचा बेत होता. पहिला घाव मऊ पडला. वीतभर काळी माती निघाली. दुसरा घाव पडला आणि आवाज आला, खण्ण.

"खडक लागला?" सार्थकने विचारले.

"मुरूम हाय," कारभारी म्हणाले. "एवढ्या वर कसा काय?"

त्यांनी पहारीने माझ्या कडेकडेने मुरूम उकरला. सार्थक हातांनी तो बाहेर काढू लागला. अगदी तळाशी, माझ्या पायाला चिकटून, काहीतरी काळे दिसले. सार्थकने ते बोटांत धरले. बोटे काळी झाली.

"कोळसा."

कारभारी खाली बसले. त्यांनी दुसरा तुकडा उचलला, तळहातावर ठेवला. "आज्यानं टाकलेला," ते हळूच म्हणाले. "कोळसा जागचा हाय. म्हंजे दगड... दगड जागचाच हाय."

साळूबाई पुढे आल्या, वाकल्या, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतले. कोळशावर मुरूम जसा दाबला होता तसाच घट्ट होता. त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

"मंग वर कसा आला?" त्यांनी विचारले. त्या मला विचारत होत्या की आभाळाला, कोण जाणे.

अपेक्षा माझ्याजवळ उकिडवी बसली होती. तिने रेघेवरून बोट फिरवले. मग एक हात रेघेवर ठेवला, दुसरा जमिनीवर टेकवला आणि त्या दोन हातांमधल्या जागेकडे ती पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"आण्णा, मोठ्याई, इथंवर माती होती," ती म्हणाली. "दगड वर नाही आला. आपलं रान खाली गेलंय."

कारभारी उठले. त्यांनी पहार घेतली आणि आपल्या रानात चालत गेले. मारली. खण्ण. आणखी पुढे गेले. खण्ण. मग न विचारता साळूबाईंच्या रानात चढले. एरवी त्यावरून आठवडाभर भांडण झाले असते. त्या दिवशी साळूबाई त्यांच्या मागे मागे गेल्या. वर मारली, कडेला मारली, जिथे मोसंबी होती तिथे मारली. पहार वीतभर जायची आणि वाजायची. सगळे रान भांड्यासारखे वाजत होते. मित्रांनो, जिथे दोन हात माती मी पाहिली होती, त्या रानाचा तो आवाज मला ऐकवेना.

परत आल्यावर कारभारींनी पहारीच्या टोकाची माती बोटाने पुसली. "येवढीच उरली?" ते म्हणत होते. "वैनी, येवढीच?"

"अन् आपण एकमेकाचं तोंड बघंना झालतो," साळूबाई म्हणाल्या. त्या ओघळीच्या काठावर बसल्या.

अपेक्षा म्हणाली, "आमच्या पुस्तकात अमेरिकेचा एक धडा आहे. शंभर वर्षं होत आली त्याला. तिथल्या लोकांनी गवताचे माळ मोडून सगळं नांगरलं. मग पाऊस पडायचा थांबला. धरायला मूळ नव्हतं, सगळी माती उडाली. दिवसा अंधार व्हायचा. लोकांची घरं मातीनं भरली. लई कुटुंबं गाडीवर गाद्या बांधून गाव सोडून गेली."

"त्यांच्यात बी भाऊबंदकी व्हती का?" कारभारींनी विचारले. ते थट्टा करत नव्हते.

"ते नाही लिहिलेलं, आण्णा."

"आपल्यात हाय," साळूबाई म्हणाल्या. "तेबी लिव्हा म्हणावं."

राजकुमार मशीनवरून उतरून जवळ आला. त्याने ओघळीत डोकावून पाहिले, पायाने कड दाबली. कड ढासळली.

"आता निम्मा माझ्याकडून, निम्मा वैनीकडून बांध घाल," कारभारी त्याला म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "निम्मा माझ्याकडून."

राजकुमारने मान हलवली. "मामा, हद्दीवर तर ही ओघळ हाय. हिच्यात माती टाकली तर पहिल्याच पाण्यात जाईल. तुमच्या बाजूला कड नाय, सगळं पोखरलंय. बांध वर पक्क्या जागेवर घ्यावा लागंल." त्याने हाताने दाखवले. तो सगळा पट्टा साळूबाईंच्या रानातला होता. बोटभर कसला, बैलगाडी जाईल एवढा रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मागायचे कसे, हे कारभारींना कळत नव्हते, आणि ते त्यांनी मागितले नाही. त्यांनी फक्त पहार जमिनीवर आडवी ठेवली.

सार्थक आईकडे पाहून म्हणाला, "आई, दादांनी जाताना सांगितलं होतं, बोटभर जागा..."

"ठाऊक हाय मला काय सांगितलं व्हतं ते. म्या व्हते तिथं."

मित्रांनो, दगडाला विनंती करण्याची सवय नसते. पण त्या क्षणी बोलता आले असते तर मी तुम्हा सगळ्यांना सांगितले असते. तुमच्या रानातला, परसातला, रस्त्याच्या कडेचा एखादा दगड किंवा एखादे झाडाचे मूळ अचानक उंच दिसू लागले, तर कोणाला शिव्या देण्याआधी खाली वाका. त्याच्याभोवतीच्या जमिनीला हात लावून पाहा. माती आवाज न करता जाते. ती जाताना कोणाच्या बाजूची आहे हे पाहत नाही. आणि एक वीत माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात, ते मोजायला माझ्याइतके जुने व्हावे लागते. असलेली सांभाळा. गवत राखा, बांध राखा, आणि बांधाच्या पलीकडच्या माणसाशी बोलणे राखा.

पण मला बोलता येत नाही. मी फक्त पाहत होतो. साळूबाई ओघळीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांनी वीतभर काळ्या मातीतली एक मूठ उचलली होती आणि ती मुठीतून सोडत नव्हत्या. खाली कारभारींचे रान होते, वर त्यांचे स्वतःचे. मग त्यांनी पदराने तोंड पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि राजकुमारकडे वळल्या.

"वर गेल्यावर त्यान्ला काय सांगायचं ते माझं मी बघीन," त्या म्हणाल्या. "बांध माझ्या रानातून घाल."